जगात फट नाही

काकांनी मला खोली दिली ती मी चतुष्फलक आहे म्हणून.

माझ्या आधी तिघी जणी येऊन गेलेल्या. तिघींनाही काकूंनी चहा दिला आणि काकांनी नकार. मी आत शिरले, खुर्चीच्या कडेला टेकले. काकांनी विचारलं, "स्वयंपाक येतो?" मी म्हटलं, "येतो. पण कोणी करायला लावला तर येत नाही." त्या दिवशी सकाळपासून चार घरं बघून माझं डोकं फिरलेलं, नाहीतर एवढं तोडून मी पहिल्या भेटीत बोलत नाही. काका काकूंकडे वळून शांतपणे म्हणाले, "बघितलंस? टोकदार आहे. चतुष्फलक. राहू दे हिला."

मला वाटलं, पत्रिकेतला काही प्रकार असेल. काकूंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही गं, समोशासारखं असतं ते. चार बाजू, चारही त्रिकोण. तू मनावर घेऊ नकोस. मी घन आहे."

घर डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून दहाएक मिनिटांवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी तेव्हा ठाण्याला कोलशेतच्या एका पॅकिंग कंपनीत हिशेब बघायचे आणि गावाहून, म्हणजे कोकणातून, नुकती आलेले. मला डोक्यावर छप्पर हवं होतं. छप्पर मिळालं, पण त्याला आकृत्या टांगलेल्या होत्या.

सगळ्या आकृत्या लग्नपत्रिकांच्या. काकांचं म्हणणं, विकतचा पुठ्ठा वाकतो. लग्नपत्रिका वाकत नाही, कारण तिच्यावर खर्च करताना कोणी विचार केलेला नसतो. त्यामुळे जेवायला बसलं की डोक्यावर एक घन हळूहळू फिरायचा. त्याच्या एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून', पुढच्या बाजूला 'आहेर आणू नये', त्याच्या पुढे कोणाच्या तरी सगळ्या मामांची नावं. सोसायटीत कुठे लग्न ठरलं की काका आधी पत्रिका चिमटीत धरून तिची जाडी बघायचे, मग मुलगी काय करते ते विचारायचे. हल्ली लोक फोनवर आमंत्रण पाठवतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तर हा माणूस लग्नाला गेला नाही. म्हणाले, "ज्यांनी मला काही दिलंच नाही, त्यांच्या पंगतीला मी कसा बसू?"

माझ्या खोलीत बारा पंचकोनांची आकृती टांगलेली. ते अख्खं विश्व आहे, असं काकांनी चावी देताना सांगितलं. मी "बरं" म्हटलं. उकाडा मरणाचा होता. मी पंखा पाचावर केला आणि विश्व पात्यात सापडून कपाटामागे जाऊन पडलं. काका धावत आले. मला वाटलं, आता बॅग भरावी लागते. त्यांनी वाकून ते बाहेर काढलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "दोनवर चालव."

हे सगळं त्यांना कुठून लागलं, तर रद्दीतून. तरुणपणी त्यांना मुखपृष्ठ नसलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक तत्त्वज्ञांनी जग कशाचं बनलंय ते लिहून ठेवलेलं. सगळ्या बाजू सारख्या, सगळे कोन सारखे, अशा घनाकृती पाचच होतात, सहावी करून दाखवा, होत नाही. मग त्यांतल्या एका थोर माणसाने काय केलं, तर चार महाभूतांना चार आकृत्या वाटून टाकल्या. आग टोचते, म्हणून चतुष्फलक. माती ठाम बसते, म्हणून घन. हवेला आठ त्रिकोणांची आकृती, पाणी घरंगळतं म्हणून त्याला वीस त्रिकोणांची. पाचवी उरली, ती देवाने अख्ख्या विश्वाला दिली. काका हे इतकं सहज सांगायचे की सोसायटीत फ्लॅट कसे वाटले गेले ते सांगतायत असं वाटावं.

त्या थोर माणसाचं नाव मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. "थोरले ग्रीक" म्हणायचे, आणि त्यांच्या शिष्याला "धाकटे ग्रीक". मी एकदा विचारलं, "काका, नावं काय होती त्यांची?" तर म्हणाले, "मोठ्या माणसांना आपण नावाने हाक मारतो का?" मीही तेव्हापासून थोरले आणि धाकटेच म्हणते. माझ्या ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, मी माझ्या दिरांबद्दल बोलत्ये. माझं लग्न झालेलं नाही हे मग मला दर वेळी समजावून सांगावं लागायचं.

माणसं बघून त्यांची आकृती ठरवणं हा काकांचा दिवसभराचा उद्योग. दूधवाला पाणी. केबलवाला पाणी, तोही उतरता. सोसायटीचे सेक्रेटरी हवा, कारण ते बोलून गेले की मागे काही राहत नाही. काकूंबद्दल मात्र ते जरा हळू बोलायचे. आग, हवा आणि पाणी यांचे त्रिकोण एकाच जातीचे, म्हणून ते सुटे होऊन एकमेकांत बदलतात. मातीचे त्रिकोण वेगळे, चौकोन कापून झालेले. मातीचे कितीही तुकडे करा, ते जुळून पुन्हा मातीच होते. "हिचं तसं आहे," काका म्हणायचे. "हिचं दुसरं काही होत नाही." हे कौतुक होतं की तक्रार, मला शेवटपर्यंत कळलं नाही. काकू समोर बसून ब्लाउजला हुक लावत असायच्या. दाताने दोरा तोडून म्हणायच्या, "घन तर घन. बसायला बरं."

काकू ब्लाउज शिवायच्या. गॅलरीत मशीन, बाजूला कापडांचा ढीग, भिंतीला कात्री. आजूबाजूच्या दहा बिल्डिंगमधल्या बायका त्यांच्याकडे यायच्या. काकांना कागद कापताना हात कापायचा, कागदही वाकडा व्हायचा, म्हणून त्यांच्या आकृत्यासुद्धा काकूच कापून द्यायच्या. काका कागदावर आखून द्यायचे, काकू कापायच्या, काका चिकटवायचे. चिकटवणं हेच खरं काम आहे असं काकांचं मत होतं.

एकदा उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचं पाणी सकाळी नऊलाच संपायला लागलं. सोसायटीची मीटिंग भरली, गच्चीवर. सगळे तावातावाने बोलतायत, आणि आमचे काका वीस त्रिकोणांची आकृती हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "पाणी कोणी चोरलेलं नाही. पाण्याचा एक कण फुटला की त्याचा आगीचा एक कण होतो आणि हवेचे दोन. वीसातून चार गेले, राहिले सोळा. आठ आणि आठ. मोजून बघा." लोकांनी खरंच मोजलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, ते ठीक आहे हो, पण दुसऱ्या मजल्यावर चोरून मोटर लावल्ये." काका म्हणाले, "ते निमित्त."

मी हसून हसून खाली बसलेले. काकू हसल्या नाहीत. नवऱ्याला कोणी हसलं की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. मला ते दिसलं आणि माझं हसू आपोआप थांबलं.

आता मुख्य गोष्ट. धाकटे ग्रीक एक विधान करून गेलेले आणि ते काकांनी आयुष्याला लावून घेतलेलं. घनाला घन लावत गेलं की मधे जागा उरत नाही, विटांचं होतं तसं. हे कोणालाही पटेल. धाकट्यांचं म्हणणं, चतुष्फलकांचंही तसंच आहे. तेही एकमेकांना लावत गेलं की सगळी जागा भरते, कुठे म्हणून फट राहत नाही. पाच चतुष्फलक एका कडेभोवती बसवले की चक्कर पुरी होते. असं एक पाचांचं मॉडेल काकांच्या टीव्हीशेजारी कायम असायचं, काकूंनी कापलेलं, काकांनी चिकटवलेलं. पाहुणा आला की त्याचे पाच तुकडे सुटे करून त्याच्या हातात द्यायचे, "लावा." पाहुणा लावायचा. बसायचे. काका पाहुण्याच्या तोंडाकडे बघत म्हणायचे, "फट नाही. जगात कुठेही फट नाही."

हे वाक्य ते कुठेही वापरायचे. पेपर आला नाही, फट नाही. पेन्शन उशिरा आली, फट नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा कोणी आगाऊ बाईने घरात येऊन त्यावरून उसासा टाकला, तेव्हाही काका शांतपणे म्हणाले, "फट नाही." काकू उठून आत गेल्या. मला काकांचा त्या दिवशी फार राग आलेला. एखाद्याला दुखतंय तर दुखू द्या ना!

तर, काकांच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक गणिताचे निवृत्त प्राध्यापक नव्याने यायला लागले. सभ्य माणूस, मृदू बोलणारा. काकांनी त्यांच्यापुढे धाकट्यांचं विधान मांडलं. प्राध्यापक म्हणाले, "तुमचे धाकटे इथे चुकले होते. पाच लावले की थोडी फट राहते. लोकांच्या फार उशिरा लक्षात आलं, पण आलं." काका म्हणाले, "माझ्याकडे बसतात." प्राध्यापक म्हणाले, "बसणार नाहीत." काका पुन्हा म्हणाले, "घरी आहेत. बसतात." कट्ट्यावरची मंडळी हसली.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर करून मोकळे झाले की येत्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते सगळ्यांसमोर पाच तुकडे जुळवून दाखवणार. हॉल ठरवला. घरोघर जाऊन तोंडी आमंत्रणं केली, अगदी त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनासुद्धा. आणि कागदाच्या कामावर कोणी बोट ठेवायला नको म्हणून तुकडे अ‍ॅक्रिलिकचे, मशीनवर कापलेले घ्यायचे ठरले. कोलशेतला आमच्या कंपनीच्या मागे तसं काम करणारा एक वर्कशॉपवाला होता. ते काम माझ्यावर आलं.

काका एका सरकारी खात्यात आवक-जावक विभागात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं, असं काकूंनी मला एकदा सांगितलेलं. म्हणजे चार लोकांनी समोर बसून यांचं ऐकावं आणि टाळ्या वाजवाव्यात असा प्रसंग सत्तर वर्षांत हा एकच. ते हॉलमध्ये घालायचा शर्ट चार दिवस आधीच इस्त्रीला देऊन आले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शुक्रवारी मी तुकडे आणायला गेले. वर्कशॉपवाल्याने पाचही टेबलावर मांडलेले, काचेसारखे स्वच्छ. म्हणाला, "मॅडम, लॅम्प है क्या? मैंने जोडके देखा. पाच लावले ना, थोडा गॅप येतो. ये देखो." त्याने जुळवून दाखवलं. शेवटच्या तुकड्यात आणि पहिल्यात करंगळी जाईल एवढी फट. "डिझाइन मेंच मिस्टेक आहे. एक पतली पट्टी बनवून देऊ? क्लिअर में? दिसणार पण नाही."

मी म्हटलं, "नको." मग म्हटलं, "थांबा." मग परत म्हटलं, "नको." काकांची सूचना अशी होती की तुकडे खोक्यात घालून वर्कशॉपवाल्यानेच टेप लावायची आणि टेपवर सही करायची. सील हॉलमध्ये, प्राध्यापकांसमोर फोडायचं. त्यांच्या आधी आपण बघणं ही फसवणूक होईल, असं काकांचं म्हणणं. आता ह्या प्रामाणिकपणाला काय म्हणावं! मी सीलबंद खोकं मांडीवर घेऊन बसने स्टेशनला आले आणि सगळ्या वाटेत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

घरी काका नव्हते. काकू मेथी निवडत होत्या. मी खोकं खाली ठेवलं आणि म्हटलं, "काकू, फट राहते."

काकूंचे हात थांबले नाहीत. "किती?"

"करंगळी जाईल एवढी."

"हं. तेवढीच."

मी त्यांच्या समोर फतकल मारून बसले. "तेवढीच म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. काका ऑफिसला जाताना आखून, समजावून गेले, पाच कापून ठेव, असे असे बसतात. काकूंनी कापले, पिना लावून जुळवून बघितले, बसेनात. पुन्हा कापले, बसेनात. "मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांनी लिहून ठेवलंय, माझीच कात्री चुकत असणार. ब्लाउज अंगाला बसला नाही तर आपण बाईच्या अंगाला नावं ठेवतो का? कापड जरा जास्तीचं सोडतो. मग मीही एका कडेला जरासं सोडलं. प्रत्येक तुकड्यात दोन दोन मिलिमीटर. बसले."

"आणि काकांना कळलं नाही?"

"ते चिकटवतात गं. मोजतात कुठे? संध्याकाळी आले, जुळवून बघितले, आणि इतके हसले, इतके हसले! मला उचलून घेतलं होतं. सासूबाई घरात असताना." काकू मेथीची काडी हातात धरून बसल्या. "मग कोण सांगतंय?"

"मग आता सांगा."

"तू सांग."

"मी भाडेकरू आहे, काकू!"

त्यांनी प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, खोकं एकदा उघडून बघा ना." काका म्हणाले, "कशाला? जे आहे ते आहे." शनिवारी म्हणाल्या, "अहो, ते जुने तुकडे मी कापलेत ना, त्यात जरा..." काका म्हणाले, "जुने उत्तम आहेत. तेही बरोबर घेतोय." काकू माझ्याकडे बघायच्या, मी भिंतीकडे. मीही बोलून बघितलं. म्हटलं, "काका, समजा नाहीच बसले तर?" तर म्हणाले, "तू चतुष्फलक आहेस म्हणून टोचतेस. तुझा दोष नाही." अशा माणसाला माणसाने सांगायचं तरी कसं?

रविवारी हॉल भरला. खरंच भरला. कट्ट्यावरचे सगळे, सेक्रेटरी, दूधवाला, आणि काकूंच्या ब्लाउजवाल्या बायका तर दोन रांगा भरून. काकू तिसऱ्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. काकांनी इस्त्रीच्या शर्टात उभं राहून थोरल्यांपासून सुरुवात केली. फार सुंदर बोलले. आग का टोचते, पाणी का निसटतं, पाचच आकृत्या का, सहावी का नाही. मला वाटायला लागलं, एवढ्यावरच थांबावं, टाळ्या घ्याव्यात, घरी यावं. लोक टाळ्या वाजवायला तयार बसलेले.

काकांनी प्राध्यापकांना पुढे बोलावलं. त्यांना टेपवरची सही दाखवली, कात्रीने टेप कापली. पाच तुकडे काढले. पहिला ठेवला, दुसरा लावला, तिसरा, चौथा. पाचवा लावला.

हॉलमध्ये मागे बसलेल्यांनाही दिसली. ट्यूबलाइट त्या फटीतून आरपार येत होती. काकांनी तुकडे काढले, पुन्हा लावले. उलटे लावले. पुसून लावले. शेजारी काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. प्राध्यापक अगदी हळू म्हणाले, "राहू द्या ना. छान समजावलंत तुम्ही."

"मशीनची चूक आहे," काका म्हणाले आणि पिशवीतून कागदाचे जुने तुकडे काढले. टेबलावर मांडले, जुळवले. बसले. काकांनी वर बघितलं. त्यांचं तोंड कसं झालेलं, मला सांगता येणार नाही. हरलेल्या माणसाला एकदम पाय टेकायला जागा मिळावी तसं.

प्राध्यापकांनी खिशातून पट्टी काढली. गणिताचे प्राध्यापक निवृत्तीनंतरही पट्टी बाळगतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एक कड मोजली, मग दुसरी, मग समोरची. समोरची दोनदा मोजली. दुसरा तुकडा घेतला. मग म्हणाले, "प्रत्येकात एक कड दोन मिलिमीटर मोठी आहे." आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे कोणी कापलं?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काय काका, चीटिंग?" आणि हॉल हसला.

काकांना कोणी हसणं नवीन नव्हतं. पण चोर कोणी म्हटलं नव्हतं. वर्कशॉपवाल्याची सही घेऊन खोकं आणवणारा माणूस तो. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग तुकड्यांकडे. त्यांना काय म्हणायचंय ते माझ्यापर्यंत पोहोचत होतं: मी नाही केलं. पण मग कोणी केलं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी ते नाव घेतलं नसतं.

काकू उभ्या राहिल्या. ही बाई भिशीतसुद्धा उभी राहून बोलली नसेल.

"मी कापलेत," त्या म्हणाल्या. "ह्यांना काही माहीत नाही. ह्यांनी बरोबर आखून दिलं होतं. बसत नव्हते म्हणून मी जरा सोडलं. इथे निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवलेत, विचारा त्यांना, मी सोडते की नाही." ब्लाउजवाल्या दोन रांगांतून हसू फुटलं, पण ते वेगळं हसू होतं. कोणीतरी "सोडतात हो, सोडतात!" असंही म्हणालं.

काका हॉलकडे बघतच नव्हते. तिथूनच, सगळ्यांदेखत, बायकोला म्हणाले, "एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही म्हणालात, बसलं पाहिजे. मी बसवलं."

काका टेबलाकडे वळले. मग त्यांनी ते अ‍ॅक्रिलिकचे तुकडे पुन्हा जुळवले, फट लोकांच्या बाजूला केली आणि म्हणाले, "प्राध्यापक बरोबर आहेत. फट आहे." एवढं बोलून खाली बसले. टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. काकांनी त्या ऐकल्या असतील असं मला वाटत नाही.

रिक्षात आम्ही तिघं. काका एका कडेला, काकू दुसऱ्या, मधे मी, मांडीवर खोकं. मी मनात म्हणत होते, आता हा माणूस ह्या बाईशी महिनाभर बोलणार नाही. आणि खरं सांगते, मला काकांची काळजी वाटत नव्हती, काकूंची वाटत होती. इतकी वर्षं जपलेली वस्तू त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर फोडली होती. आता त्यांनी काय जपायचं?

घरी आलो. काकूंनी सवयीने दूध गॅसवर ठेवलं. मी कपबश्या काढत होते. काका स्वयंपाकघरात आले. ते कधी यायचे नाहीत. आले आणि धान्याच्या डब्याजवळच्या स्टुलावर बसले. मी बाहेर जायला निघाले, तर काकूंनी डोळ्यांनी थांब म्हटलं.

"आणखी कुठे कुठे सोडलंस?" काकांनी विचारलं.

रागाने नाही. चौकशीच्या खिडकीवर विचारतात तसं.

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "सांगू?"

"सांग."

"कल्याणच्या वन्संना दर भाऊबीजेला साडी जाते. तुमच्या नावाने."

काकांना बहीण आहे हेच मला माहीत नव्हतं. त्या घरात तिचं नाव कधी निघालं नव्हतं. वडिलांच्या जागेवरून दोघांचं भांडण झालेलं, आणि काकांनी पुन्हा तिचं तोंड बघायचं नाही म्हणून ठरवलेलं, हे मला नंतर कळलं. मी कपबशी धरून उभी राहिले. आता आवाज चढणार, असं मला वाटलं.

काका म्हणाले, "दर वर्षी?"

"दर वर्षी. मी नेऊन देते. तुम्हाला वेळ नाही, पण रंग तुम्हीच निवडला, असं सांगते."

"मग? आवडतात तिला?"

काकू वळल्या. "ती दर वर्षी माझ्याजवळ निरोप देते. दादाला सांग म्हणते. मी तुम्हाला कसा सांगणार होते? सांगितलं असतं तर साडी कोणी दिली, ते निघालं असतं. म्हणून निरोप माझ्याजवळच राहिले."

"आता सांग."

"काय?"

"निरोप. तिने सांगितलाय तसा सांग."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग शाळेत उभं करून विचारल्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, साडी आवडली. घरी ये."

काका रडायला लागले. तोंडावर हात न घेता, स्टुलावर ताठ बसून. दूध वर येत होतं आणि त्या दोघांपैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. मी गॅस बंद केला.